कमी दिवसांच्या बाळाची शुगर खाली-वर का होते? खानापूरच्या एका मामाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, खानापूर तालुक्यातल्या गावी आली होती. तेहतिसाव्या आठवड्यातच पाणी गेलं, घाईघाईनं बेळगावला आणलं. मुलगा झाला, वजन 1600 ग्रॅम. बाळ काचेत आहे. टाचेला सारखं टोचून शुगर बघतात. पहिल्या दिवशी 34 आली, सलाईन लावल्यावर 58 आणि दुसऱ्या रात्री एकदम 168. थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दोन आठवड्यांनी परत करायचा म्हणतात. आजीचं म्हणणं, जन्मल्याबरोबर मध चाटवला असता तर ही वेळ आली नसती. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, असल्या पोरांना पुढं शुगर होतेच. मामा विचारतात, बाळाला डायबेटिस आहे का? आणि दवाखाना उगाच तपासण्या वाढवतोय का?

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. खानापूर, चंदगड, हुक्केरी, निपाणीकडची बाळं बरीच वर्षं बघत आले आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. तुमचा केसपेपर माझ्यासमोर नाही, म्हणून काही गोष्टी 'तर'वर सोडाव्या लागतील. पण मुख्य उत्तर द्यायला केसपेपर लागत नाही. बाळाला डायबेटिस नाही. ग्लुकोजची सलाईन चालू असलेल्या कमी दिवसांच्या बाळात 34 आणि 168 हे दोन्ही आकडे एकाच कारणाची दोन टोकं आहेत. नवजात बाळाचा खरा डायबेटिस असतो, पण तो अत्यंत दुर्मीळ. त्यात सलाईन कमी करूनही शुगर दिवसेंदिवस चढीच राहते. एका रात्रीच्या 168 वरून कुणी त्याचं नाव घेत नाही.

तुम्ही आजाराबद्दल विचारताय, पण या बाळाची अडचण तारखेची आहे. कणकुंबी-जांबोटीकडची माणसं मृग लागायच्या आत लाकूडफाटा, तांदूळ, मिरची, गुरांची वैरण सगळं आत घेऊन ठेवतात, कारण एकदा पाऊस लागला की बाहेरून काही येत नाही. पोटातलं बाळ शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत अशीच बेगमी करत असतं. यकृतात साखरेचा साठा (ग्लायकोजेन), कातडीखाली चरबी, हाडांत कॅल्शियम-फॉस्फरस, रक्तात आणि यकृतात लोह. तुमच्या भाच्याचा पाऊस सात आठवडे आधीच लागला. घर धड आहे, बेगमी अर्धीच झालेली आहे.

हे किती अर्धं, ते आकड्यांत सांगते. 28 आठवड्यांच्या बाळाच्या वजनात चरबी जेमतेम 2-3 टक्के असते, पूर्ण दिवसांच्या बाळात ती 12 ते 15 टक्क्यांपर्यंत जाते. हाडांतल्या कॅल्शियम-फॉस्फरसपैकी साधारण 80 टक्के शेवटच्या तिमाहीत आईकडून येतं. यकृतातलं ग्लायकोजेन तर मुख्यतः शेवटच्या काही आठवड्यांतच भरतं. 33 आठवड्यांचं बाळ या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतं.

जाता जाता एक. आपल्याकडं 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' असं म्हणतात, आणि तुमच्या घरात ते नक्की कुणीतरी बोललं असणार. त्यात तथ्य नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. 33 आठवड्यांचं बाळ 29 च्या बाळापेक्षा कितीतरी भक्कम असतं.

आता ती 34 कशी आली ते बघू. पोटात असताना बाळाला नाळेतून चोवीस तास साखर मिळत असते, भूक हा प्रकारच नसतो. नाळ कापली की पुरवठा एका क्षणात बंद. पूर्ण दिवसांच्या बाळाचीही शुगर पहिल्या तास-दोन तासांत खाली जाते. पण त्याचं शरीर लगेच कामाला लागतं. यकृतातला साठा फोडून साखर सोडतं, मग चरबी आणि प्रथिनांच्या तुकड्यांपासून नवी साखर बनवायला घेतं, आणि चरबी जाळून मेंदूला पर्यायी इंधनही देतं. कमी दिवसांच्या बाळाचा इथं दोन्हीकडून तोटा. साठा थोडका, आणि साठा फोडणारी, नवी साखर बनवणारी यकृतातली यंत्रणा अजून पुरती चालू झालेली नाही. चरबी कमी म्हणून पर्यायी इंधनही कमी.

वर खर्च जास्त. या बाळांचा मेंदू अंगाच्या मानानं खूप मोठा असतो, आणि मेंदू साखरेवर चालतो. मोठ्या माणसाला उपाशीपोटी दर किलोमागे मिनिटाला साधारण 2 मिलिग्रॅम ग्लुकोज लागतं, अशा बाळाला 6 ते 8. तुमच्या भाच्याचा हिशेब मांडला तर 1.6 किलो गुणिले 6, म्हणजे मिनिटाला साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसाला जवळजवळ 14 ग्रॅम. आपल्या मापानं तीन चमचे साखर. पण ती चोवीस तास, रात्री तीन वाजतासुद्धा, न थांबता थेंबाथेंबानं मिळायला हवी. पहिल्या दिवशी पोटात जेमतेम काही मिली दूध जिरतं, त्यातून एवढं भागत नाही. म्हणून ती सलाईन. तुम्ही तिला सलाईन म्हणता, पण बाटलीत बहुधा 10 टक्के ग्लुकोजचं पाणी आहे. शुगर फारच खाली असेल किंवा बाळाला लक्षणं असतील तर आधी किलोमागे 2 मिली एवढा छोटा डोस शिरेतून देतात, तुमच्या बाळाला तो 3.2 मिली झाला असता. त्यानंतर पंपानं ठरावीक वेगानं ग्लुकोज चालू ठेवतात.

किती खाली गेली म्हणजे कमी, यावर आम्हा डॉक्टरांतही थोडं पुढं-मागं आहे. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी 45 च्या खाली गेलं की उपाय सुरू करतात. 34 हा उपाय करण्यासारखा आकडा होताच. पण तो किती तासांनी आला, बाळ त्या वेळी मलूल होतं का, किती वेळ खाली राहिलं, यावर तो आकडा किती गंभीर ते ठरतं. जन्मानंतर दोन तासांनी आलेला आणि लगेच सुधारलेला 34 वेगळा. तिसऱ्या दिवशी, ग्लुकोज भरपूर चालू असताना आलेला 34 वेगळा. त्यात आम्ही जास्त खोलात जातो. तुमच्या वर्णनावरून तुमचा पहिला प्रकार आहे.

इथं दोन-तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्या विचारून घ्या. बहिणीला गरोदरपणात शुगर होती का? असेल तर बाळाच्या अंगात इन्शुलिन जास्त तयार झालेलं असतं आणि साखर आणखी वेगानं खाली येते. प्रसूतीच्या आधी बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉईडची इंजेक्शनं दिली होती का? ती दिलेली चांगलीच, बाळाचा श्वास त्यानं सुधारतो. पण त्यांच्यामुळं पहिल्या दिवशी शुगर थोडी जास्त घसरू शकते, हेही नोंदलेलं आहे. आणि तिसरी गोष्ट, 33 आठवड्यांना 1600 हे वजन तसं बेताचं आहे, अगदी कमी नाही. वाढीच्या तक्त्यावर बाळ नेमकं कुठं बसतं ते डॉक्टरांना विचारा. नुसतं लवकर आलेलं बाळ आणि लवकर येऊन शिवाय पोटातही कमी वाढलेलं बाळ, यांचा साठा सारखा नसतो. दुसऱ्याला जास्त दिवस जपावं लागतं.

मग 168 कशी? साखर खाली गेली की वर आणायला ग्लुकोज देतात, त्यामुळं थोडी चढणं साहजिक. पण त्यातही अपुरेपण आहेच. मोठ्या माणसाला बाहेरून साखर मिळाली की यकृत आपली साखर सोडणं थांबवतं आणि इन्शुलिन वाढतं. कमी दिवसांच्या बाळाचं यकृत ते लगेच ऐकत नाही, बाहेरून येत असतानाही आतून थोडी सोडतच राहतं. इन्शुलिनही उशिरा आणि कमी येतं. शिवाय थंडी, श्वासाचा त्रास, टोचाटोची, इन्फेक्शन, या सगळ्याचा ताण साखर वाढवतो. म्हणून 168 आल्यावर आम्ही ग्लुकोजचा वेग थोडा कमी करतो आणि बाळाकडं नीट बघतो. आकडा उतरला, बाळ पूर्वीसारखं हालचाल करतंय, दूध जिरतंय, तर विषय संपला. वेग न वाढवताही साखर चढतच गेली, बाळ सुस्त झालं, पोट फुगलं, तर आम्ही आधी इन्फेक्शन शोधतो. डायबेटिसचा विचार फार नंतर, बहुतेकदा येतच नाही.

टोचण्याबद्दल नातेवाइकांची तक्रार मला समजते, ती एवढीशी टाच बघवत नाही. पण कमी शुगरची लक्षणं बऱ्याच बाळांत दिसतच नाहीत. थरथर, झटके, श्वास थांबणं, दूध न ओढणं ही उशिराची खूण. त्याआधी पकडायचं तर आकडाच बघावा लागतो. सर्वसाधारण वेळापत्रक जन्मानंतर 2, 6, 12, 24, 48 आणि 72 तासांचं. शुगर खाली आली की मधल्या वेळाही वाढतात. दूध पूर्ण चालू होऊन सलाईन सुटली आणि शुगर दोन-तीनदा नीट आली की टोचणं आपोआप बंद होतं. तेवढ्यात एक मागणी तुम्ही करू शकता. टोचताना बहिणीच्या दुधाचे दोन थेंब बाळाच्या जिभेवर द्यायला सांगा, किंवा बाळ छातीशी असतानाच टोचा म्हणा. वेदना खरंच कमी होते. आणि एखादा आकडा अगदीच विसंगत वाटला तर 'लॅबमधून खात्री केली का?' असं विचारायला संकोच नको. बोटभर मशीन या बाळांत थोडं चुकतं. टाच थंड असेल, स्पिरिट वाळलं नसेल, रक्त दाट असेल तर जास्तच. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता मधाचा आणि आजीचा मुद्दा. आजीला गप्प करू नका, तिचा अंदाज अर्धा बरोबर आहे. बाळाला लवकर गोड, म्हणजे इंधन, मिळायला हवं होतं हे खरं. वस्तू तेवढी चुकली. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्याला त्यांचं काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून लकवा आणू शकतात. साखरपाणी, गुटी, सोनं उगाळून, एरंडेलाचं बोट, यातलं काहीही या बाळाच्या तोंडात जाऊ नये. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कातडीइतकंच कोवळं असतं. त्याला सूज येऊन ते सडण्याचा एक भयंकर आजार आहे, आणि बाहेरचं काहीबाही पोटात गेल्यानं धोका वाढतो. मी डिस्चार्जच्या वेळी आजीलाच बोलावून हे सांगते. सुनेला किंवा लेकीला सांगून उपयोग नसतो, घरात गेल्यावर तिचं कोण ऐकतं!

आजीला हवं असलेलं इंधन म्हणजे आईचं दूध, आणि पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक. 'दूधच येत नाही, दोन थेंब येतात' म्हणून तो फेकतात किंवा पिळायचं सोडून देतात. त्या दोन थेंबांची किंमत आम्ही काचेपलीकडं बसलेल्यांना माहीत आहे. लवकर बाळंत झालेल्या आईच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिनंही जास्त असतात, आणि चरबी पचवणारं द्रव्य दुधातच असतं, बाळाचं स्वतःचं अजून कमी पडतं. बहिणीनं दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, दूध पिळायलाच हवं. बाळ ओढत नसल्यामुळं पिळलं नाही तर दूध आटतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एका वेळी जमायला साधारण 34 आठवडे लागतात, म्हणून सध्या नळीनं देत असतील. पुढं वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, मग अंगावर. घरात चांदीचं बोंडलं असेल तर आणा, पण प्रत्येक वेळी उकळून. चोच नीट साफ होत नसेल तर साधी स्टीलची वाटी-चमचा बरी.

दूध सावकाश का वाढवतात, हाही प्रश्न येतो. ही बाळं वाढायला दिवसाला दर किलोमागे साधारण 110 ते 135 कॅलरी खातात. आईच्या 100 मिली दुधात 65-67 कॅलरी. म्हणजे किलोमागे एकशेपासष्ट ते दोनशे मिलीपर्यंत जायचं आहे, तुमच्या बाळाला दिवसाला अडीचशे मिलीच्या पुढं. तिथं पोचायला आतड्याला काही दिवस द्यावे लागतात. तोवर वजन उतरेल. पहिल्या आठवड्यात दहा टक्के, कधी थोडं जास्त वजन उतरणं आणि दहा-चौदा दिवसांत ते भरून येणं, हे अपेक्षित आहे. 1600 चं 1450 झालेलं बघून घाबरू नका.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते उबेबद्दल, कारण शुगरची गोष्ट तिथंच घरी बिघडते. मोठ्यांना थंडी वाजली की हुडहुडी भरते. नवजात बाळ कुडकुडत नाही. ते मानेजवळ आणि पाठीत असलेली एक खास तपकिरी चरबी जाळून ऊब तयार करतं. ती चरबीही शेवटच्या तिमाहीतच साठते. कमी दिवसांच्या बाळात ती थोडी, कातडी पातळ, अंगाच्या मानानं पृष्ठभाग मोठा. थंडीत पडलं की ते साखर आणि प्राणवायू दोन्ही उधळत सुटतं. दूध नीट दिलेलं असूनही शुगर पडते, वजन वाढत नाही, श्वास अडखळतो. बाळ निळं पडलं, मलूल झालं म्हणून परत आणतात तेव्हा मी आधी पाय हातात घेते. पाय गार, पोट गरम, म्हणजे थंडीनं पकडलंय. पाय आणि पोट दोन्ही गार, म्हणजे उशीर झालाय. काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 सेल्सिअस हवं; हातानं अंदाज बांधण्यापेक्षा एक डिजिटल थर्मामीटर घ्याच.

आणि ऊब देण्याचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे छाती. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, मोजे, आणि उभं आईच्या उघड्या छातीवर, वरून चादर बांधून. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यात दिल्लीचंही रुग्णालय होतं, जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू चौथ्या हिश्शानं कमी झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला 8 ते 24 तास, जमेल तितका वेळ असं सांगितलं. बहिणीला शक्य नसेल तेव्हा बाळाचा बाप बसेल, आजी बसेल, तुम्हीही बसू शकता. मामाची छाती चालते. अंघोळ केलेली आणि तंबाखू-विडीचा वास नसलेली असावी एवढंच.

तुमच्या गावाकडं पावसाळ्यात अंथरुण-पांघरुण दमट, भिंतींना ओल, सकाळी धुकं. घरी गेल्यावर लोक दोन टोकं गाठतात. एक तर रोज ऊन पाण्यानं कडक न्हाऊ घालतात, तेल चोळतात आणि हे सगळं अर्धा तास चालतं, तोवर बाळ ओलंच. नाही तर दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी आणि धुरी. पहिल्यानं बाळ गारठतं, दुसऱ्यानं कोंडतं. बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळंतिणीलाही घातक. वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत अंघोळ नकोच, कोमट पाण्याच्या फडक्यानं एकेक भाग पुसून लगेच कोरडा करा. न्हाऊ घालणाऱ्या बाईला तिचे पैसे द्या, आणि तो वेळ बाळाला छातीवर ठेवा.

थायरॉईडची दुसरी तपासणी उगाच नाही, करून घ्या. पूर्ण दिवसांच्या बाळात दोन-तीन दिवसांनी घेतलेल्या रक्तात थायरॉईडचा दोष दिसून येतो, कारण मेंदूतली ग्रंथी वाढीव टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) सोडून आरडाओरड करते. कमी दिवसांच्या बाळाची ती ग्रंथीच अजून अर्धी झोपेत असते. दोष असला तरी टीएसएच वाढायला वेळ लागतो, आणि पहिला रिपोर्ट फसवा नॉर्मल येतो. म्हणून दोन आठवड्यांनी परत. दोष सापडला तर रोजची एक गोळी, सापडला नाही तर सुटका. आणि राहून गेला तर बाळाची बुद्धी कायमची मंदावते. नवजात तपासणीच्या इतर रिपोर्टांत उलटंही होतं. एखादं हार्मोन किंवा अमिनो आम्ल वाढलेलं दाखवतात, आणि ते आजारामुळं नसून कमी दिवसांमुळं किंवा शिरेतून दिलेल्या पोषणामुळं असतं. त्यामुळं 'पॉझिटिव्ह' शब्दावर रडारड करण्याआधी दुसरा नमुना होऊ द्या.

कावीळही होईल, जवळपास ठरलेलीच. यकृताचं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) निचरा करण्याचं काम मागं असतं, म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी चढते आणि पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा जास्त दिवस रेंगाळते. निळ्या दिव्याखाली ठेवतील. सकाळच्या उन्हात धरून ती उतरत नाही, बाळ गारठतं मात्र नक्की.

हाडांसाठी ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज 400 युनिट, लोहाचे थेंब दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टर सांगतील तेव्हापासून. 32 आठवड्यांच्या आतल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळांत रक्तातलं फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं कमकुवत होताना रक्तात वाढणारं द्रव्य) हेसुद्धा तपासतात आणि दुधात पौष्टिक पावडर घालतात. तुमचं बाळ त्या रेषेच्या जरा पलीकडं आहे, त्यामुळं ते लागेल की नाही हे वजन कसं वाढतं त्यावर.

शेवटी शेजाऱ्याचं भाकीत. 'होतेच' हे खोटं आहे, 'काहीच संबंध नाही' हेही खोटं. लवकर जन्मलेल्या मुलांत पुढं इन्शुलिनचा परिणाम थोडा कमी असतो, आणि मोठेपणी रक्तदाब, शुगरची शक्यता काहीशी वाढते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. काहीशी. आईवडिलांची शुगर, खाणंपिणं आणि पोटाचा घेर यांच्यापुढं तो वाटा लहान. पुण्यात डॉ. याज्ञिक यांच्या गटानं आसपासच्या खेड्यांतल्या बाळांचा 1993 पासून अभ्यास केला, त्यातून 'दिसायला बारीक पण आत चरबी जास्त' अशी आपल्याकडची बाळं जगाला कळली. ती मुख्यतः कमी वजनाच्या बाळांची गोष्ट, कमी दिवसांच्या नव्हे, पण त्यातून माझ्या कामाची एक गोष्ट मी उचलली आहे. बाळसं धरायची घाई नको. सुरुवातीचे काही महिने मेंदूसाठी चांगली वाढ हवीच, तिथं कसर नको. पण पुढं वर्ष-दीड वर्षाचं झाल्यावर 'लवकर झालेलं, बारीक राहिलंय' म्हणून बिस्किटं, साखर घातलेलं दूध, डब्यातल्या पावडरी कोंबून त्याला गुबगुबीत करू नका. वय मोजताना सात आठवडे वजा करून मोजा, म्हणजे उगाच ते मागं वाटणार नाही.

बहिणीच्या पुढच्या वेळेसाठी एकच. दिवस राहिल्याचं कळल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना गाठा आणि हे बाळ लवकर झाल्याचं सांगा. पहिलटकरणींना लवकर सुरू केलेल्या कमी डोसच्या ॲस्पिरिनवर एक मोठी चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. तिच्या केंद्रांत आपलं बेळगावही होतं. लवकर प्रसूतीचं प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आलं. तिला ती गोळी लागू पडेल का हे तिच्या तपासण्या बघून ठरेल, स्वतःहून सुरू करू नका.

डिस्चार्जच्या दिवशी कागद नीट मागून घ्या: कमीत कमी शुगर किती होती आणि किती वेळ, सलाईन कधी सुटली, थायरॉईडची दुसरी तारीख, डोळ्यांच्या आणि ऐकण्याच्या तपासणीची तारीख, थेंबांचे डोस. बहीण सासरी जाणार असेल आणि सासर चंदगड, आजऱ्याकडं, म्हणजे महाराष्ट्रात असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची. तायी कार्ड (गरोदरपण-बाळंतपणाच्या नोंदींचं कर्नाटकातलं कार्ड) इकडचं, आशाताई तिकडची, आणि मधे बाळाचा पाठपुरावा सुटतो. दवाखान्यातून घरी आलेल्या अशा बाळाकडं आशाताईनं घरी येऊन बघायचं असतं, पण तिला कळलं तरच ती येणार. दोन्ही गावच्या आशाताईंना तुम्ही स्वतः फोन करा, कागदांच्या झेरॉक्स दोन्हीकडं ठेवा. घरी बाळ दूध ओढेनासं झालं, हाक मारून किंवा तळव्याला टिचकी मारून जागं होईना, अंग गार पडलं, थरथरलं, श्वास अडखळला, तर 'सकाळी बघू' नको. छातीशी बांधून, शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर वाटेत दूध देत, सरळ आणा.